रंगाखालचा आकडा : परक्या इंजिनाची ओळख कशी पटते आणि ती का पुसू नये

१/१४
इंग्लंडमधील एखाद्या वारसा रेल्वेच्या फलाटावर टेंडर नसलेले, सहा चाकांचे एक आटोपशीर इंजिन वाफ सोडत उभे असते. अंगावर तुकतुकीत रंग आणि बाजूला झळकणारे इंग्रजी नाव : ‘स्पार्टन’, ‘हॉटस्पर’ किंवा ‘व्हॅनगार्ड’. प्रवासी छायाचित्र टिपतो आणि ‘जुने ब्रिटिश इंजिन’ अशी ओळ जोडून मित्रांना धाडतो. वास्तविक ही तिन्ही नावे ज्या इंजिनांना मिळाली, ती दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमधील ख्षानूव या गावच्या ‘फाब्लोक’ कारखान्यात घडली.

२/१४
यात प्रवाशाचा दोष नाही. दोष आहे तो नवे नाव देताना जुने नाव झाकण्याच्या सवयीचा. इंजिन हा चाकांवर चालणारा दस्तऐवज आहे. त्याला कोणता रंग द्यावा, हे मालकाने खुशाल ठरवावे. त्यावरील मूळ मजकूर खरवडून टाकण्याचा अधिकार मात्र कोणालाही नसावा. हा मजकूर वाचायचा कसा आणि तो गमावल्यास काय हरपते, याचा हा धागा.

३/१४
पहिली खूण चाकांची. ब्रिटिश आणि अमेरिकी पद्धतीत चाके मोजतात : पुढची, मधली, मागची. पुढे दोन वाहक चाके, मध्ये जोडलेली आठ आणि मागे एकही नाही, म्हणजे २-८-०. फ्रेंच पद्धतीत चाकांऐवजी आस मोजतात, म्हणून तेच इंजिन तिथे १-४-० ठरते. जर्मन परंपरेत जोडलेल्या आसांसाठी अक्षर वापरतात : तीन आसांना ‘सी’, चारांना ‘डी’. आकडे वेगळे दिसले म्हणून इंजिन वेगळे असतेच असे नाही.

४/१४
पोलंडची पद्धत याहून बोलकी आहे. पहिले अक्षर ‘टी’ असेल तर मालगाडीचे इंजिन. त्यापुढे ‘के’ आले तर टेंडर नाही, पाणी आणि कोळसा इंजिनाच्याच अंगावर. त्यानंतरचे लहान अक्षर चाकांची मांडणी सांगते : ‘एच’ म्हणजे ०-६-०, ‘आर’ म्हणजे २-८-०, ‘वाय’ म्हणजे २-१०-०. पोलिश आराखड्यांत शेवटचे दोन अंक वर्ष दर्शवतात. म्हणून ‘टीकेएच ४९’ एवढी खूण सापडली की ‘स्पार्टन’चा इंग्रजी बुरखा आपोआप गळून पडतो.

५/१४
दुसरी खूण चालकाच्या कक्षात सापडते. दाबमापकावर पौंड आहेत की किलोग्रॅम? सूचनांच्या पट्ट्या कोणत्या भाषेत आहेत? चालकाची जागा उजवीकडे आहे की डावीकडे? बाहेरचा रंग एका आठवड्यात बदलता येतो. झडपांची आणि नळ्यांची मांडणी बदलायला मात्र इंजिन जवळजवळ नव्यानेच बांधावे लागते. म्हणूनच मूळ देशाचा हात बाहेरच्यापेक्षा आत अधिक स्पष्ट दिसतो.

६/१४
तिसरी आणि सर्वांत मोलाची खूण म्हणजे निर्मितीफलक आणि धातूवर ठोकलेले आकडे. फलकावर कारखाना, अनुक्रमांक आणि वर्ष असते. परंतु फलक चार स्क्रूंवर उभा असतो. तो चोरीला जातो, विकला जातो, कधी दुसऱ्याच इंजिनावर बसतो. कनेक्टिंग रॉड, कपलिंग रॉड आणि सांगाडा यांवर ठोकलेले आकडे सहसा कोणी चोरत नाही. ते दिसतात ग्रीसचा थर पुसल्यावर.

७/१४
इथेही घाई नको. मोठ्या दुरुस्तीच्या वेळी कार्यशाळेत एका इंजिनाचा बॉयलर दुसऱ्यावर आणि एकाचे रॉड तिसऱ्यावर चढत असत. त्यामुळे एकाच इंजिनावर तीन निरनिराळे क्रमांक मिळू शकतात आणि त्यांपैकी एकही खोटा नसतो. अशा वेळी साधारणपणे सांगाड्याचा क्रमांक इंजिनाची ओळख मानला जातो. उरलेले क्रमांक त्याच्या आयुष्यातील गाठीभेटींची नोंद ठरतात. त्यांना ‘चूक’ समजून घासून काढणे म्हणजे इतिहासाची पाने फाडणे होय.

८/१४
एकाच इंजिनाला किती नावे असू शकतात? अमेरिकी सैन्यासाठी १९४२ पासून बांधलेला ‘एस १६०’ वर्ग पाहावा. बाल्डविन, अल्को आणि लिमा या तीन कारखान्यांनी मिळून २,१२० इंजिने बांधली. युद्ध संपले आणि ती जगभर पांगली. इटलीत ती ७३६ झाली, हंगेरीत ४११ आणि पोलंडमध्ये टीआर २०१ व टीआर २०३. याच घराण्यातील ६० ब्रॉडगेज इंजिने भारतात आली आणि ‘एडब्ल्यूसी’ या वर्गात मोडली. हंगेरीच्या ४११ आणि भारताच्या एडब्ल्यूसीचे नाते नावांवरून कधीच कळणार नाही. ते कळते आराखड्यावरून.

९/१४
‘ही सगळी हौशी मंडळींची आकडेमोड’, असे ज्यांना वाटते त्यांनी १९४३-४४ चा ब्रिटन आठवावा. युरोपवरील स्वारीपूर्वी एस १६० इंजिने ब्रिटिश कर्मचाऱ्यांच्या हाती दिली गेली. बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची झडप त्यांच्या सवयीपेक्षा वेगळी होती. ती अर्धवट उघडी राहिली तर काच खोटी पातळी दाखवी. चालकाला पाणी पुरेसे वाटे, प्रत्यक्षात फायरबॉक्सचे छत कोरडे पडलेले असे. तीन इंजिनांत हे छत कोसळले आणि प्राणहानीही झाली. परक्या यंत्राला आपल्या ओळखीचे समजण्याची ही किंमत होती.

१०/१४
आता खरा वाद. यॉर्कशरमधील कीली अँड वर्थ व्हॅली रेल्वेवर लिमा कारखान्याचे १९४५ मधील एस १६० इंजिन आहे, क्रमांक ५८२०. ते १९७७ मध्ये पोलंडहून आले. तिथे ते टीआर २०३-४७४ होते. इंग्लंडमध्ये त्याला अमेरिकी सैन्याचा करडा साज चढवला गेला आणि ‘यँक्स’ या चित्रपटातही ते झळकले. साज अस्सल आहे, क्रमांकही खराच आहे. पण सैन्यातील काळ अल्प होता आणि पोलंडमधील नोकरी सुमारे तीन दशकांची. जन्माचे वस्त्र जपताना आयुष्यभराचे वस्त्र अडगळीत गेले, असेच म्हणावे लागेल.

११/१४
दुसरी बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. वारसा रेल्वे तिकिटांवर जगतात, आणि बॉयलरची मोठी दुरुस्ती हे अत्यंत खर्चिक काम असते. ‘स्पार्टन’ हे नाव मुलाच्या लक्षात राहते, ‘टीकेएच ४९’ राहत नाही. नव्या नावामुळे चार प्रवासी अधिक आले आणि त्यामुळे इंजिन भंगारात जाण्यापासून वाचले, तर त्या नावाचे उपकारच मानावेत. रंग पुन्हा बदलता येतो, वितळलेले इंजिन परत येत नाही. हा युक्तिवाद भक्कम आहे. मात्र तो नवे नाव देण्याचे समर्थन करतो, जुने लपवण्याचे नव्हे. नव्या नावाशेजारी एक प्रामाणिक फलक लावण्याने एकही तिकीट कमी होत नाही.

१२/१४
उलट उदाहरणही उद्बोधक आहे. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ४-८-४ मांडणीचे एक अजस्र चिनी इंजिन आहे. ब्रिटिश रुळांवर न शोभणारा त्याचा आकार पाहून ते पूर्णतः परके वाटते. पण १९३५ मध्ये ते घडले इंग्लंडमध्येच, न्यूटन-ल-विलोज येथील व्हल्कन फाउंड्रीत. म्हणजे फलाटावरचे ‘देशी’ वाटणारे इंजिन पोलंडचे आणि संग्रहालयातले ‘परदेशी’ इंजिन इंग्लंडचे. डोळ्यांनी दिलेला निकाल फलक वाचेपर्यंत राखून ठेवावा, तो यासाठी.

१३/१४
महाराष्ट्राचा धागा इथेच जुळतो. बेडफर्डशरमधील लेटन बझार्ड ही वाळू वाहण्यासाठी १९१९ मध्ये टाकलेली दोन फुटी रेल्वे. तिच्या ताफ्यात ७४० क्रमांकाचे एक छोटे इंजिन दाखल झाले : माथेरानचे. भांडवल पीरभॉय कुटुंबाचे, सल्लागार अभियंता बार्शी लाइट रेल्वेचा इंग्रज शिल्पकार एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, बांधणी जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कोपेल कंपनीची. तीव्र वळणांवर आसांना किंचित सरकू देणारी क्लीन-लिंडनर रचनाही जर्मन. घाम मात्र नेरळ-माथेरान घाटातला, १९०७ पासून १९८० च्या दशकापर्यंतचा. हे इंजिन कोणत्या देशाचे? या प्रश्नाला एका शब्दात दिलेले कोणतेही उत्तर अर्धेच असेल.

१४/१४
म्हणून प्रत्येक जतन केलेल्या इंजिनाशेजारी एक फलक असावा. त्यावर कारखाना, अनुक्रमांक, वर्ष, आजवरची सर्व नावे, ज्या मार्गांवर ते राबले ते मार्ग आणि बदललेले भाग यांची नोंद असावी. ठोकलेले आकडे घासण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून नोंदवहीत उतरवावीत. आणि तरुण अभ्यासकाने पुढच्या वेळी नावाच्या पाटीइतकाच वेळ रॉडवरच्या ठशांसमोर, कर्मचाऱ्यांची परवानगी घेऊन, घालवावा. नेरळच्या घाटात त्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्यांची नावे बहुधा कोणत्याच फलकावर नसतील. त्यांनी कोणत्या यंत्रावर आयुष्य वेचले, एवढे तरी त्या यंत्राच्या अंगावर शाबूत राहावे.