फेसाळ पाहुणचार

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत एक नवें मत रूढ होऊं पाहत आहे. फेसाळ वाईन प्याल्यांत घेतली तर तें मद्यपान; परंतु तीच भातांत किंवा रश्शांत ओतली तर ती निव्वळ पाककला! विस्तवावर मद्यार्क उडून जातो, तेव्हां पंक्तीला मुलें असोत वा व्रतस्थ आजोबा, कोणास सांगण्याचें कारण नाहीं, असा या मताचा इत्यर्थ. हें मत खोटें आहे व ज्या आतिथ्याचा आपणांस अभिमान आहे त्यास बाधक आहे, असें आम्हांस स्पष्ट सांगावयाचें आहे.

मुळशीचेंच उदाहरण घ्या. सुटीच्या दिवशीं पुण्यामुंबईचीं कुटुंबें तेथील धरणाकाठीं उतरतात. तो आंबेमोहोर तांदळाचा मुलूख. समजा, त्या भातांत यजमानानें फेसाळ वाईन ओतली. बंद बाटलींत दुसर्‍यांदा आंबतांना कोंडला गेलेला कार्बन डायॉक्साइड वायु हाच तिचा फेस. भांडें तापतांच तो वायु प्रथम पळतो. मागें उरणारा आंबटपणा चार आमसुलांनींहि आला असता. ज्या फेसाकरितां पैसे मोजले तो गेला. आणि जो जाणार म्हणून ग्वाही दिली तो मद्यार्क मात्र राहिला! अमेरिकेच्या कृषिखात्याच्या कोष्टकाप्रमाणें पदार्थांत मिसळून 15 मिनिटें मंद शिजविल्यावर सुमारें 40 टक्के, तासानंतर 25 टक्के व अडीच तासांनंतरहि 5 टक्के मद्यार्क शिल्लक असतो. भाताला अडीच तास कोण लावतो?

मिश्र पेयांची गोष्ट याहून बरी नाहीं. शँपेनच्या जुन्या प्रसिद्ध मिश्रणांत साखरेचा खडा, कडू अर्काचे थेंब आणि वर ब्रँडी असते. म्हणजे सुमारें 12 टक्के मद्यार्काच्या वाईनला अधिक कडक मद्याची जोड. साखरेनें व संत्र्याच्या रसानें जिभेला त्याचा पत्ता लागत नाहीं, आणि प्याला ‘सरबतासारखाच’ म्हणून हातीं दिला जातो.

यावर, द्राक्ष बागाइतदाराचें हित तुम्हांस पाहवत नाहीं काय, असा प्रश्न येतोच. राज्याचें द्राक्षप्रक्रियेचें धोरण 2001 सालीं आलें. आणि त्याच्याहि पूर्वीं, 1980 नंतरच्या दशकांत, याच पुणें जिल्ह्यांत नारायणगांव येथें ‘शँपेन इंडेज’नें शँपेनच्या पद्धतीनें बाटलींतच दुसरें आंबवण घडवून ‘ओमर खय्याम’ ही वाईन परदेशीं पाठविली होती. ती कंपनी टिकली नाहीं. तरी तें कसब खरें होतें, हें आम्ही मोकळेपणीं मान्य करितों. परंतु त्या कसबाचा मान ती वाईन थंड करून, तिच्या नांवानें, जाणत्या माणसापुढें ठेवण्यांत आहे. ती कढईंत लपविल्यानें बागाइतदाराचें कोणतें हित साधतें?

कोणी काय प्यावें हा आमचा आजचा विषय नाहीं. न पिणार्‍यास नकळत पाजूं नये, एवढाच आहे. ज्याला धर्मामुळें, औषधामुळें किंवा मोठ्या कष्टानें सोडलेल्या व्यसनामुळें एक घोटहि वर्ज्य आहे, त्याला तो घोट घासांतून देणें हा विश्वासघात होय. यजमानानें पान वाढण्यापूर्वीं उघड सांगावें, मुलांचें भांडें वेगळें ठेवावें, आणि नको म्हणणार्‍यास कारण विचारूं नये. हें ज्याला अवघड वाटतें त्यानें आंबेमोहोर साध्या पाण्यांत शिजवावा. त्याच्या वासाला वाईनची गरज कधींच नव्हती.