बंदर नसलेला दिवस

परंडेकरांच्या वाट्याचे साठलेले पाणी म्हणजे किल्ल्याचा खंदक आणि सीना-कोळेगावचे धरण. समुद्र पाहायचा तर कुर्डुवाडीला जाऊन मुंबईची गाडी धरावी लागते. तरी क्रूझच्या जाहिराती इथल्या मोबाइलवरही येतात आणि चौकशी एकाच अंगाने होते: जहाज कुठे कुठे थांबणार? ते कुठेच थांबत नाही तो दिवस लोक फुकट गेल्यात जमा करतात. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. क्रूझवर पैसे घालावेत असा दिवस तोच, आणि आजची क्रूझ प्रवाशाच्या हातून तोच काढून घेते. बंदरात बंद असणारे कॅसिनो आणि करमुक्त दुकाने जहाज भर समुद्रात गेले की उघडतात. गिऱ्हाईक कुठे पळून जाऊ शकत नाही, म्हणजे कंपनीच्या कमाईचा दिवस हाच. मग सकाळी योगासने, अकराला हाउजी, दुपारी नाचाचा वर्ग, रात्री जादूचे प्रयोग. लग्नघरातल्या वऱ्हाड्यासारखा माणूस एका पंगतीतून दुसऱ्या पंगतीत हलत राहतो.

जुन्या आगबोटींवरही खेळ आणि मेजवान्या होत्या, पण मधे मोकळे दिवसच्या दिवस पडून असत. मुंबईहून एडनकडे जाताना बोटीवरची घड्याळे थोडीथोडी मागे घेत जात, म्हणजे दिवस खरोखरच लांबायचा. अशा दिवसांचे काय होते याचे पुरावे आहेत. नोव्हेंबर १९०९ मध्ये गांधीजींनी ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर दहा दिवसांत ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. उजवा हात भरून आला की डाव्या हाताने. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून सी. व्ही. रामन यांना शंका आली, की हे नुसते आकाशाचे प्रतिबिंब कसे असेल? खिशात मावणाऱ्या निकोल प्रिझममधून त्यांनी पृष्ठभागावरची चकाकी वगळून पाणी पाहिले, निळाई उरलीच. ३१ जुलै १९३० रोजी मुंबईहून निघालेल्या एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखर यांनी वाटेत श्वेतखुज्या ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या मर्यादेचे गणित मांडले.

यावर कुणी म्हणेल, ही तर कामे झाली, आराम कुठला? पण त्या दिवसांत ही कामे त्यांच्याकडे कुणी मागितलेली नव्हती. विश्रांती हात बांधून बसण्यात नसते, आपल्याला कुणी हाक मारू शकत नाही यात असते. जहाजावरचे इंटरनेट पॅकेज विकत घेणारा ही एवढी एक गोष्ट पैसे मोजून गमावतो. ही माणसे असामान्य होती, हा आक्षेप खरा. पण असे लांबलचक दिवस सामान्यांनाही पेलले आहेत. १९९५ पर्यंत हजयात्रेकरू मुंबईहून जहाजाने जेद्दाहला जात. अंतर सुमारे २,३०० सागरी मैल. जुन्या जहाजांना बारा-पंधरा दिवस लागत. बोट लागलेल्यांचे हाल होत, हेही धरायला हवे. पण त्यांचे दिवस नमाजाच्या वेळांवर आणि गप्पांवर निघत, हाउजीवाचून कुणाचे अडत नसे.

आपल्या भागातला आक्षेप याहून टोकदार आहे. पाऊस हुकला की इथे रिकामे दिवस हवे तेवढे, त्यासाठी लाखभर कशाला मोजायचे? पण कर्जाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेला दिवस रिकामा नसतो, नुसता बिनकामाचा असतो. काम रीतसर बाजूला ठेवलेले आणि जेवण आयते आलेले, या दोन अटी पुऱ्या झाल्या तरच माणूस सैल होतो. घरातल्या बाईला तर दुसरी अट वर्षानुवर्षे लाभत नाही. तिच्यासाठी तो दिवस सगळ्यात महाग आणि तरी परवडणारा आहे.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरते उत्तर नाही. ते आयते ताट कुणीतरी करते. पूर्वी बोटींवर गोव्याचे स्टुअर्ड आणि रत्नागिरीकडचे खलाशी असत; दोन सफरींच्या मधे गोवेकर मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे आपापल्या गावच्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरत. आजही नाविकांच्या कामाच्या तासांची आंतरराष्ट्रीय मर्यादा दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ अशी आहे. प्रवाशाचा निवांत दिवस यांच्या भरगच्च दिवसावर उभा असतो. कार्यक्रम कमी झाले तर त्यांच्यातल्या काहींचा भार तरी हलका होईल, एवढेच म्हणता येते.

तेव्हा तिकीट काढताना बंदरे मोजू नका. एका रात्रीत गोवा गाठणारी सफर यासाठी निरुपयोगी आहे. मधे निदान एक अख्खा दिवस पाण्याचा आहे का ते विचारा, आणि नसेल तर सरळ रेल्वेने जा.