बैलाची बाजू, पोराचा हात

आपल्या जालना जिल्ह्यात बैल विकत घेताना जाणता शेतकरी दात बघतो, चाल बघतो आणि विचारतो, "कोणत्या बाजूला चालतो?" डावीकडे चालायची सवय असलेला बैल जुवाच्या उजवीकडे जुंपला की अडतो, जोडीदाराला रेटतो.

हाच दाखला देत एक आजोबा शाळेत मला म्हणाले, "सर, बैल थोडे दिवस त्रास देतो, मग दुसऱ्या बाजूलाही चालतो. माझ्या नातवाचा हात का नाही बदलणार?" नातू पहिलीत, डावखुरा. घरी डाव्या हातात पेन्सिल दिसली की बोटांवर पट्टी बसायची.

आजोबांचा अनुभव खरा, पण दाखला चुकीचा. बैलाची बाजू माणसाने लावलेली असते. न शिकवता जनावर कोणता पाय पुढे करते, ते बघायला हवे. ब्रिटनमध्ये जवळजवळ 18 हजार कुत्र्यांची पाहणी झाली, ती 2021 साली प्रसिद्ध झाली. अरुंद नळीत खाऊ ठेवला आणि तो काढायला कुत्रा कोणता पंजा घालतो याची नोंद केली. चारातल्या सुमारे तीन कुत्र्यांचा पंजा ठरलेला निघाला. त्यांतही उजवे थोडेच जास्त, शंभरात 58 च्या आसपास. माणसांत मात्र दहातले नऊ उजवे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या पाहणीत बोके बहुतेक डावे आणि मांजरी बहुतेक उजव्या आढळल्या. ऑस्ट्रेलियातले कांगारू तर बरेचसे डावखुरेच. यांना कुणी शिकवले? शरीराची डावी बाजू मेंदूचा उजवा भाग चालवतो आणि उजवी बाजू डावा भाग. कुठल्या बाजूचा कल असेल, त्याची मांडणी बरीचशी आतूनच होऊन येते.

आता दस्तरखानाची गोष्ट. उजव्या हाताने जेवण्याची ताकीद आपल्याकडे आहे, आणि डावखुरे मूलही प्रेमाने सांगितले तर घास उजव्या हाताने घेते. तिथे माझे काही म्हणणे नाही. पण जेवणाची अदब एक आणि लिहिण्याचा हात दुसरा. लिहिण्यावरून पोराला गुनाहची भीती घालणे मला पटत नाही. मार खाऊन हात बदललेली मुले मी वर्गात पाहिली आहेत. अक्षर बिघडते ते बिघडतेच, पण फळ्याजवळ बोलावले की ती अंग चोरतात.

दोन भाषा शिकवताना एक गंमत दिसते. मराठी लिहिताना डावखुऱ्याचा हात ओल्या शाईवरून जातो, अक्षर झाकतो. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे लिहिलेले मोकळे राहते, शाई फासत नाही! (खुशखताचा कलम मात्र उजव्या हाताच्या बेताने कापलेला असतो, तो डावखुऱ्यासाठी उलट्या तिरकसपणे कापावा लागतो.)

अशा मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला धक्का लागत नाही. वहीचा वरचा भाग थोडा उजवीकडे कलवून द्या.

आजोबांना मी हे सगळे सांगितले. पट्टी बंद झाली, पण शंका गेली नाही. नातवाला मी घरचे काम दिले: अरुंद तोंडाच्या डब्यात खाऊ टाकायचा आणि गल्लीतली मांजर कोणता पंजा घालते ते लिहायचे. एका दिवसात काही ठरत नाही, निदान पन्नास नोंदी हव्यात. एकवीस झाल्यात. रकाने आजोबा आखून देतात.