बेडूक प्लास्टिकचा, मरळ मात्र खरी!

पावसाळा सुरू झाला की तुमच्या मोबाइलवर एक ठरावीक रील फिरायला लागते. शेवाळ आणि कमळाच्या पानांनी झाकलेला तलाव. एक पोरगा दांडी झटकतो, रबरी बेडूक पानांवर टप्पकन पडतो आणि उड्या मारत परत यायला लागतो. तेवढ्यात पाणी फुटतं, मरळ बेडूक तोंडात घेते. मग फोटो, आणि खाली 'कॅच अँड रिलीज'चा हॅशटॅग.

मागच्या पावसाळ्यात मीही या नादात होते. कॉलेजच्या मित्रासोबत सेलू तालुक्यातल्या एका गावतलावावर गेले. काठाजवळ पाण्यावर लालसर-केशरी ठिपक्यांचा एक गोळा हलत होता. मित्राने बरोबर त्यावरच बेडूक टाकला. दुसऱ्याच फेकीत मरळ लागली. फोटो, व्हिडिओ, वजन यात पाच-सात मिनिटं गेली, मग आम्ही ती पाण्यात सोडली. सोडली म्हणजे आपण चांगलेच, असं वाटत होतं. पाळीवर बसलेले एक ढिवर काका सगळं पाहत होते. म्हणाले, "पोट्टेहो, थो लाल गोळा तिच्या पिल्लायचा होता. ते राखणीले होती म्हणून तुमच्या बेडकावर धावली."

आम्ही मागे वळून पाहिलं. गोळा फुटला होता.

त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यात आहे. तो तुमच्यासमोर ठेवते, कारण येत्या पावसाळ्यात तुमच्यापैकी अनेकांच्या हातात हीच दांडी असणार.

हा बेडूक आला कुठून?

हे आमिष मूळचं अमेरिकेतल्या बास माशासाठीचं. बास पाणवनस्पतींत दबा धरून बसतो आणि बेडूक दिसला की झडप घालतो. साधा गळ तिथे टाकला तर गवतातच अडकणार. म्हणून पोकळ, मऊ प्लास्टिकचा बेडूक निघाला. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून सहज घसरत येतो. मासा चावला की पोकळ अंग दबतं आणि गळाची टोकं बाहेर येतात. मऊ प्लास्टिकचे गांडूळ, सरडे, छोटे मासे हेही त्याच घराण्यातले.

आपल्या तलावात बास नाही. पण मरळ आहे, आणि तिची राहणी तशीच : उथळ पाणी, दाट गवत, दबा धरून शिकार. त्यात मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे तिला सारखं वर यावंच लागतं. पावसाळ्यात बेडूकही भरपूर. म्हणून अमेरिकेतला बेडूक वर्ध्यात इतका चालतो.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. मरळीची एक आशियाई भावंड जात २००२ मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या क्रॉफ्टन इथल्या तळ्यात सापडली आणि तिकडे खळबळ उडाली. बाहेरून आलेला शिकारी मासा म्हणून तिथे सांगितलं जातं की, सापडला तर मारा, जिवंत परत सोडू नका. तिकडच्या व्हिडिओंमध्ये तुम्ही हेच ऐकता. आपल्याकडे गणित उलटं आहे. मरळ इथलीच आहे. शेजारच्या तेलंगणाने तर तिला राज्य मासा केलंय.

बेडकाची बाजूही ऐका

सरसकट 'प्लास्टिक वाईट' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मरळीसाठी गळाला जिवंत बेडूक लावायची पद्धत जुनी आहे. भातशेती आणि तलावांना बेडूक किती लागतात, हे आपल्याला उशिरा कळलं. भारताने बेडकाच्या पायांची निर्यात १९८७ मध्ये बंद केली. प्लास्टिकचा बेडूक निदान खऱ्याचा जीव वाचवतो. शिवाय गळाला एका वेळी एकच मासा लागतो. पाण्यात विष टाकणं किंवा स्फोट करणं, जे १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, त्याच्याशी याची तुलनाच नको.

मग चुकतं कुठे? ते ठरतं बेडूक कधी, कुठे आणि कुणाच्या पाण्यात पडतो त्यावर.

कधी : पिल्लांच्या दिवसांत नाही

मरळ पावसाळ्यात अंडी घालते. गवत बाजूला सारून पाण्यावर घरटं करते आणि पिल्लं बाहेर आली की त्यांची राखण करते. पिल्लं थव्याने फिरतात, हवा घ्यायला वर येतात, तेव्हा तो लाल गोळा दिसतो. खाली पालक मासा असतोच. गोळ्याजवळ काहीही हललं की तो हल्ला करतो. तो भुकेने नाही, राखणीसाठी चावतो. म्हणजे गोळ्यावर बेडूक टाकणं यात कौशल्य काही नाही. आईबापाला पिल्लांच्या नावाने बोलावण्यासारखं आहे ते.

'पण आम्ही सोडून देतो ना!' इथेच खरी मेख आहे. राखणदार पाच मिनिटं जरी बाजूला झाला, तरी इतर मासे पिल्लांवर तुटून पडतात, वरून बगळे आहेतच. बासचंही असंच आहे, त्याचा नर घरट्याची राखण करतो. म्हणून कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात बऱ्याच ठिकाणी बासचा हंगाम जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंद असतो. ज्या खेळाची आपण नक्कल करतो, त्या खेळाचा नियम मात्र रीलमध्ये येत नाही. आपल्याकडे समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती बातमी दरवर्षी छापून येते. गावतलावातल्या मरळीच्या विणीची बातमी कोण करतं?

कुठे आणि कुणाच्या पाण्यात?

आपण म्हणतो, तलाव सरकारी आहे, म्हणजे सगळ्यांचा. तसं नसतं. बहुतेक तलाव आणि जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. ढिवर, भोई समाजातली माणसं त्यात बीज सोडतात, राखण करतात आणि त्यावर घर चालवतात.

यातही एक फरक आहे. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली विकत आणून सोडता येते. मरळ मात्र बहुतेक तलावांत कुणी सोडत नाही, ती स्वतःच वाढते. आणि बाजारात तिलाच जास्त भाव, कारण पाण्याबाहेरही ती बराच वेळ जगते आणि जिवंत विकता येते. म्हणजे संस्थेसाठी बिनभांडवलाचं उत्पन्न तो लाल गोळाच आहे. तो फुटला तर त्याची भरपाई कुठल्याही बीज केंद्रातून सहज होत नाही.

काही जण म्हणतील, मरळ बोटुकली खाते, मग ती काढली तर संस्थेचा फायदाच. मुद्दा खोटा नाही. पण मरळ किती आणि केव्हा काढायची, हे ठरवायचा हक्क ठेका भरणाऱ्याचा, शनिवारी दुचाकीवरून येणाऱ्या आपला नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. चर्चा झाली ती वीजदर, कर्ज आणि विम्याची. मला त्यात आपल्यासाठीही एक अर्थ दिसतो. तलाव जर शेत असेल, तर तिथे जायची रीतही शेतासारखीच हवी. ओळखीच्याच्या तुरीच्या शेंगा तोडायच्या तरी आपण धुऱ्यावरून आवाज देतो. मग पाळीवरून का नाही?

आणि बोरचं स्वतंत्र सांगायला हवं. बोर १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथल्या पाण्यात परवानगीशिवाय गळ टाकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग आहे. 'स्पॉट भारी आहे' हे कारण वनरक्षकापुढे चालणार नाही.

तुटलेला बेडूक जातो कुठे?

मऊ आमिषं बहुधा पीव्हीसीची असतात, त्यात मऊपणासाठी रसायनं मिसळलेली. दोरी तुटली की ते तलावातच राहतं, कुजत नाही, आणि मासे ते गिळतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१३ मध्ये अशा रबरी आमिषांवर बंदीचं विधेयक आलं होतं. बंदी झाली नाही, पण प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. आपल्याकडे उन्हाळ्यात तलाव आटतात आणि गाळात जनावरं उतरतात, पोरं अनवाणी खेळतात. तिथे गळासकट पडलेला बेडूक म्हणजे केवळ कचरा नाही.

मग दांडी विकायची का?

नाही. हा छंद चांगला आहे. तासन् तास मोबाइल खिशात ठेवून पाण्याकडे बघायला लावणाऱ्या गोष्टी आता उरल्यात किती? फक्त एवढं करा :

• तलावावर जाण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा, ठेका कोणाचा आहे. मग त्या संस्थेची परवानगी घ्या.
• लाल गोळा दिसला की त्या बाजूला फेकायचंच नाही. विणीच्या महिन्यांत मरळीला सुट्टी.
• गळाचा काटेरी उलटा दात पकडीने दाबून टाका, मासा लवकर सुटतो. हात ओले करूनच मासा धरा.
• तुटलेलं आमिष आणि दोरीचा तुकडा घरी आणा.

संस्थांनीही याकडे कटकट म्हणून पाहू नये. मुंबईत पवई तलावावर हौशी गळकऱ्यांची संघटना वर्षानुवर्षं सभासदत्व आणि नियम ठेवून चालते. आपल्या एखाद्या संस्थेने हिवाळ्यात दिवसाचा पास सुरू केला, तर चार पैसे तिला मिळतील आणि पोरांना चोरून जावं लागणार नाही. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागांनी गोळे कधी, कुठे दिसतात याची नोंद ठेवली, तर हंगाम ठरवायला स्थानिक माहितीही मिळेल. तेवढं काम तर तुम्ही-मी या जुलैतही करू शकतो, दांडीशिवाय.

माझा मित्र अजून जातो. आता त्या काकांना आधी फोन करतो. मागच्या वेळी त्यांनीच त्याला सांगितलं, "दिवाळी होऊ दे, मंग ये. मी दाखवतो कुठं बसते थे."