थर्माकोलच्या दगडाला जव्हारचे उत्तर

शाळेच्या स्नेहसंमेलनात तिसरी-चौथीतला हनुमान द्रोणागिरी उचलून रंगमंचावर येतो, तेव्हा त्या पर्वताचे वजन त्याच्या दप्तरापेक्षा कमी असावे लागते. खरा काळा पाषाण फूटभर लांब, रुंद आणि उंच घेतला, तर 80 किलोच्या आसपास भरतो. म्हणून दगड खोटाच हवा. पालघर जिल्ह्यात तर तो वर्षातून चारदा लागतो: भाद्रपदात गणपतीमागच्या कैलासाला, दिवाळीत अंगणातल्या किल्ल्याला, डिसेंबरात वसईकडच्या नाताळच्या गोठ्याला आणि त्याच सुमारास भरणाऱ्या संमेलनांना.

यातला बराचसा दगड अजून थर्माकोलचा असतो. राज्य सरकारने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. त्याच वर्षी जुलैत मखरे बनवणारे व्यावसायिक निदान त्या गणेशोत्सवापुरती सूट मागायला उच्च न्यायालयात गेले, तीही मिळाली नाही. बंदीला इतकी वर्षे झाली, तरी सजावटीच्या बाजारातून पांढरे ठोकळे पुरते हटलेले नाहीत. याचे खापर सगळे ग्राहकांच्या आळसावर फोडणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

थर्माकोल लोकांना आवडतो तो कारणाने. त्यात जवळपास 98 टक्के हवा असते. साध्या ब्लेडने कापता येतो, तापलेल्या तारेने हवा तसा वळतो आणि तासाभरात कडा उभा राहतो. त्याचे अवगुण नंतर कळतात. स्प्रेचा रंग मारला की त्यातला द्रावक थर्माकोलच खातो आणि गुळगुळीत कड्याला भगदाडे पडतात. उष्णता शंभर अंशांच्या आसपास गेली की तो मऊ पडतो, पेट घेतला तर काळाकुट्ट धूर ओकतो. असली वस्तू समईच्या हाताभर अंतरावर मांडायची हे धाडसच म्हणायचे. विसर्जनानंतर तर त्याचे मणी सुटे होतात, वाऱ्याबरोबर नाल्यात, नाल्यातून खाडीत आणि पुढे सातपाटी-केळव्याच्या समुद्रात.

बंदीने वस्तू काढून घेतली, पण तिच्या जागी कोणते कौशल्य द्यायचे हे कुणी ठरवले नाही, आणि बंदी फसली ती इथेच. गंमत अशी, की ते कौशल्य याच जिल्ह्यात, बोईसरहून एका दिवसात जाऊन यावे इतक्या जवळ आहे.

जव्हार-मोखाडा भागात होळीनंतरच्या रात्री बोहाडा रंगतो. सांबळाच्या तालावर एकेक सोंग येते: गणपती, शारदा, नरसिंह, रावण, महिषासुर. यातले कित्येक मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात. मातीचा साचा, त्यावर रद्दीच्या कागदाचे आणि लगद्याचे थर, वाळल्यावर रंग. दहा तोंडांचा रावण डोक्यावर बांधून माणूस नाचू शकतो, कारण तो आतून पोकळ आणि वजनाला हलका असतो. ज्याला कागदातून रावणाची भुवई काढता येते, त्याला दगड म्हणजे किस झाड की पत्ती! पण हे कारागीर बोईसरच्या शाळेला ठाऊक असतात ते फार तर ‘आदिवासी कला’ या धड्यापुरते. त्यांच्याकडून काही शिकून घ्यावे असे कुणाच्या मनात येत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. बोहाडा कोरड्या दिवसांत येतो आणि गणपती ऐन पावसाळ्यात. श्रावणातल्या पालघरमध्ये लगदा वाळत नाही, त्याला बुरशी धरते. घाईला आलेला माणूस मग थर्माकोलकडे वळतो. यावर उपाय वेळापत्रकाचा आहे. दगड मे महिन्यात करावेत, कडक वाळवून माळ्यावर ठेवावेत आणि वर्षानुवर्षे वापरावेत. मखराची फॅशन दरवर्षी पालटते, कातळाची पालटत नाही.

कच्च्या मालाला तर तोटा नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधांपासून कापडापर्यंत कारखाने आहेत, म्हणजे पुठ्ठ्याची खोकी आली आणि खोकी आली म्हणजे भंगारवाला आला. खोके फाडून वेडावाकडा सांगाडा करावा, रद्दीचे बोळे कागदी चिकटपट्टीने त्यावर आवळावेत. मग गव्हाच्या पिठाच्या खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे पाच-सहा थर द्यावेत, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. जुन्या काळी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. तो विषारी आहे, मुलांच्या हातांत नको. बायका टोपल्या लिंपताना लगद्यात मेथीची पूड घालत, ती चालेल. शेवटच्या थराला लगदा, थोडा फेव्हिकॉल आणि मूठभर भाताचे तूस. भातगिरण्यांच्या या जिल्ह्यात तूस मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. त्याने जो खरखरीतपणा येतो तो थर्माकोलला कितीही टोचले तरी येत नाही. फूटभराचा असा दगड किलोभरातच बसतो.

हात खरा फसतो तो आकारात आणि रंगात. घरचे खोटे दगड बहुधा बटाट्यासारखे गोल होतात आणि वर सपाट काळे रंगवले जातात. वाघोबा खिंडीतून काळदुर्गाकडे नीट पाहिले तर ही चूक होणार नाही. माथ्यावरचा तो कातळ कापल्यासारखा चौकोनी आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट कोनाकोनांनी फुटतो आणि तो निव्वळ काळा नसतो. त्यात राखाडी असतो, गंजासारखा तांबूस असतो, पावसाळ्यात शेवाळाचा हिरवा असतो. आधी गडद हात द्यावा, भेगांत पातळ काळे पाणी सोडावे, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवरून फिकट राखाडी ओढावा. दात घासायच्या जुन्या ब्रशने उडवलेले चार शिंतोडे बाकीचे काम करतात.

मराठी कलावंतांना ही विद्या नवी नाही. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि रंगवलेल्या पडद्याच्या जागी उभे, घन देखावे आणले. 1923 च्या त्यांच्या ‘सिंहगड’चे नाव आजही घेतले जाते. सपाट चित्रातून भरीव वस्तूकडे जाण्याची तीच उडी पाचवी-सहावीतली मुले दिवाळीच्या किल्ल्यावर मारतात. गोणपाट चिखलात बुडवून विटांवर टाकले की डोंगर झाला! फक्त शाळेत आल्यावर त्यांचा हा हात कुणी वापरत नाही. संमेलनाची सजावट कंत्राटाने येते आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते.

बोईसर-पालघरच्या शाळांनी कंत्राटाचा हा पैसा वेगळ्या वाटेने खर्च करावा. पाऊस ओसरलेला असतो तेव्हा, दिवाळीची सुट्टी संपताच, जव्हारकडच्या एखाद्या मुखवटे करणाऱ्याला कार्यानुभवाच्या तासांना दोन दिवस बोलवावे. सत्काराचा नारळ-शाल ठीक आहे, पण एसटीचे भाडे, जेवण आणि कंत्राटदाराला दिले असते तेवढे मानधन आधी ठरवावे. रद्दी मुलांनी घरून आणावी. डिसेंबरच्या संमेलनापर्यंत सहा आठवडे मिळतात, तेवढ्यात द्रोणागिरी वाळून रंगवूनही होतो.