निळ्या रेषेच्या आत एक वीटही नको!



17 मे 2025 रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीत इंद्रायणीकाठचे 36 बंगले जमीनदोस्त केले. आदेश राष्ट्रीय हरित लवादाचा, 2024 चा. सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. वर 5 कोटींची पर्यावरण भरपाई. बंगले निळ्या पूररेषेच्या आत होते.

निकाल योग्यच होता. पण ज्यांनी आयुष्याची कमाई तिथे घातली, त्यांच्या डोळ्यांदेखत पोकलेन फिरला. नदीला लागून प्लॉट पाडले जात होते, भिंती चढत होत्या, तेव्हा ते थांबवण्यासाठी पगार घेणारे कुठे होते? त्यांच्या खिशातून किती वसूल झाले?

25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. काठापासून निळ्या रेषेपर्यंत शेती करा, बाग करा, मैदान ठेवा. घर बांधायचे नाही. पण ही रेषा नकाशातच राहिली, तर प्लॉट घेणाऱ्याला ती दिसणार कशी?

आपले पूर्णा गाव नदीच्या नावाचे. वर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे, खाली गोदावरी. धरणे भरली की पाणी सुटते. त्याच वेळी गोदावरी तुडुंब असली तर पूर्णेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. त्याला पसरायला जागा लागते. तिथे कुणी मुरूम टाकून भराव केला, की ते दुसऱ्याच्या घरात शिरते, आणि तो दुसरा बहुधा गरीब असतो.

नदीचे पात्र शासनाच्या मालकीचे आहे, असे जमीन महसूल संहितेचे कलम 20 सांगते. 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी 15 दिवसांची नोटीस सक्तीची केली, पण नदी-जलाशयातील अनधिकृत बांधकामाला त्यातून वगळले. म्हणजे प्रशासनाचे हात बांधलेले नाहीत. मात्र पोटासाठी काठावर झोपडी टाकणाऱ्याला पर्यायी जागा आधी द्या. सुरुवात भराव टाकून प्लॉट विकणाऱ्यापासून करा.

आमची मागणी: जलसंपदा विभाग, तहसील आणि नगर परिषद यांनी मिळून येत्या पावसाळ्याआधी निळ्या रेषेवर खांब रोवावेत. नकाशा नगर परिषदेच्या दारात लावावा. रेषेच्या आत परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याकडून व्यक्तिशः भरपाई घ्यावी.

आणि आपण? दस्त करण्याआधी पूररेषेची लेखी माहिती मागा. भराव दिसला तर तारखेसह फोटो काढा, अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढे सामान्य नागरिक स्वतः उभा राहू शकतो. मात्र वाद उद्भवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.