फुकट बोगद्याला १२८ वर्षांनी टोल!

टोल म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून लंडनची ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटली.

थेम्स नदीखालून जाणारा ब्लॅकवॉल बोगदा २२ मे १८९७ ला खुला झाला. घोडागाड्यांचा जमाना. बांधताना सात कामगारांचा जीव गेला, सहाशेहून जास्त माणसं घरांतून उठवली. पण जाणं-येणं पहिल्या दिवसापासून फुकट. हे कुणाचं औदार्य नव्हतं बरं का! १८८० पर्यंत शहराच्या पश्चिमेकडच्या पुलांचा टोल जनतेच्या करातून पैसे मोजून उठवला होता. पूर्वेकडची गोदीतली वस्ती म्हणाली, कर आम्हीही भरतो, मग आमच्याकडे नदी ओलांडायला काय? त्यातून हा बोगदा झाला.

७ एप्रिल २०२५ ला जवळच नवा सिल्व्हरटाउन बोगदा सुरू झाला आणि त्याच दिवशी जुन्यालाही टोल बसला. ऐन गर्दीत कारला ४ पौंड. कारण काय, तर नव्याचा टोल चुकवायला सगळे जुन्यात घुसतील. हिशोब बरोबर आहे. कमी उत्पन्नवाल्या स्थानिकांना निम्मी सवलत आहे, रात्री टोल नाही, हेही मान्य. पण जुन्या बोगद्याचे पैसे त्यांच्या पणजोबांनी करातून कधीच भरलेत ना? तिकडे टॉवर ब्रिजला आजही टोल नाही, पुढच्या पुलांनाही नाही.

गर्दी कमी करायचीय ना, मग तिकडच्या पुलांवरही लावा की टोल. बघू किती दिवस टिकतो!